आलेली फाइल आधी जपली, मग उघडली

मी एका रुग्णालयाच्या आयटी विभागात आहे. लॅबच्या मशीनवर तपासणी झाली की निकाल एचएल-७ (रुग्णालयातल्या यंत्रणांनी एकमेकांना माहिती पाठवायची ठरलेली पद्धत) संदेशाची फाइल बनून आमच्या सर्व्हरवर येतो. प्रोग्रॅम ती वाचतो, निकाल पेशंटच्या पानावर चढवतो आणि फाइल पुसून टाकतो.

अधूनमधून वॉर्डातून फोन यायचा, "दादा, आठ नंबरचा रिपोर्ट दिसत नाहीये, डॉक्टर राउंडला आलेत." लॅबवाले म्हणायचे, मशीनने पाठवलाय. सॉफ्टवेअरवाले म्हणायचे, आमच्याकडे काही चढलं नाही. लॉगमध्ये 'संदेश वाचता आला नाही' एवढीच ओळ. फाइलच पुसलेली, मग दाखवायचं काय?

प्रती ठेवायच्या ठरवल्या, पण आधी मी निकाल चढल्यावर प्रत काढत होतो. म्हणजे सुरळीत गेलेलं तेवढं जपलं आणि अडलेलं पुन्हा गायब. मग क्रम उलटा केला: आधी प्रत, नंतर वाचन. प्रतही बाइट न् बाइट तशीच. टेक्स्ट म्हणून उघडून सेव्ह केली की ओळींचे शेवट, अक्षरं बदलू शकतात, आणि दोष बहुतेक वेळा तिथेच असतो. काही प्रती अर्ध्याच निघाल्या, कारण फाइल लिहून होण्याआधीच आम्ही उचलत होतो. म्हणून आधी तात्पुरत्या नावाने लिहायचं आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलायचं, असं करून घेतलं. नावात संदेशाचा क्रमांक एकटा पुरेना. मशीन बंद करून चालू केलं की तो एकपासून सुरू व्हायचा. आल्याची वेळही जोडली.

अशा प्रती ठेवायला लागल्यापासून अकराव्या दिवशी फोन आला, तेव्हा फाइल हातात होती. हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाइलचा एकेक बाइट जसाच्या तसा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली. थायरॉइडच्या टीएसएचच्या ओळीत, एककाच्या जागी, 'मायक्रो'चं म्यू चिन्ह आणि त्याचा एकटाच बाइट: बी५. लॅटिन-१ आणि यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या दोन पद्धती. लॅटिन-१मध्ये हे चिन्ह एका बाइटचं, यूटीएफ-८मध्ये दोन बाइटचं, सी२ बी५. आमचा प्रोग्रॅम यूटीएफ-८ धरून चालायचा आणि त्या एका बाइटपायी अख्खा संदेश टाकून द्यायचा, सोबतच्या साखर-क्रिएटिनिनसकट. जुनं मशीन म्यूऐवजी साधं 'यू' लिहायचं, म्हणून त्याचे रिपोर्ट बिनबोभाट येत होते. अक्षरसंच कोणता ते सांगायला संदेशाच्या पहिल्या ओळीत अठरावी जागा असते. ती रिकामी होती. रिकामी म्हणजे आस्की, साध्या इंग्रजी अक्षरं-आकड्यांचा जुना संच, आणि आस्कीत म्यू नाहीच.

तीच प्रत चाचणी सर्व्हरवर सोडली, तशीच अडली. दुरुस्तीनंतर सोडली, चढली.

या प्रतींत पेशंटचं नाव, जन्मतारीख, निकाल सगळं उघडं असतं. म्हणून फोल्डर दोघांनाच उघडता येतो आणि ३० दिवसांनी फाइल पुसली जाते. याबाबत मी कुणाचंही ऐकत नाही.

मग आधीचे दहा दिवस चाळले. आणखी सहा संदेश तसेच अडकलेले, आणि त्यांच्याबद्दल फोनसुद्धा आला नव्हता. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी एकेक आकडा मशीनवरच्या नोंदीशी ताडला, मगच चढवले. त्यातल्या तिघांचं रक्त पुन्हा काढलं गेलं होतं. एक आजी होत्या. तिसऱ्या टोचणीला त्यांची शीर सापडली, असं सिस्टर सांगत होत्या.