चार ओहमला एक अंश

२९ जून

पाव सलग तिसऱ्यांदा फिका आला. ओव्हनमध्ये २२० वर पस्तीस मिनिटं ठेवूनही वरून जेमतेम गव्हाळ, आणि तोडून पाहिला तर आत चिकट. मैदा बदलून झाला, यीस्ट बदलून झालं. "पावसाळ्यात पीठ असंच वागतं," हे आईचं म्हणणंही मान्य करून झालं. मग विजेवर संशय. नाशिकच्या आमच्या सिडकोत संध्याकाळी व्होल्टेज पडतं हे खरं आहे. २३० चे २०० झाले की कॉइलची ताकद वर्गाच्या हिशोबानं कमी होते, म्हणजे पाऊणच उरते. पण त्यानं ओव्हन तापायला उशीर लागेल, एवढंच. तापमान मोजणारा सेन्सर जोवर "अजून गार आहे" म्हणतो, तोवर ओव्हनचा कंट्रोल बोर्ड कॉइल चालूच ठेवणार. २२० झाल्याचं दाखवून आत गार राहत असेल, तर बोर्डाशी कुणीतरी खोटं बोलतंय.

आधी फुकटातली चाचणी केली. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर घातली आणि १९० ला पंधरा मिनिटं ठेवली. कोरडी ठणठणीत. २०० लाही तेच. २१५ ला कडा ओल्या दिसल्या. म्हणजे पंचवीसेक अंशांचा घोळ.

१ जुलै

मल्टिमीटरसोबत आलेलं के टाइप थर्मोकपल (टोकाशी तापमान मोजणारी वायर) मधल्या जाळीवर बांधलं. टोक पत्र्याला लागू दिलं नाही, नाहीतर हवेऐवजी जाळीचं तापमान मिळतं. वायर दाराच्या रबरातून बाहेर काढली. पण आधी थर्मोकपलचीच परीक्षा घ्यायला हवी, म्हणून ते उकळत्या पाण्यात बुडवलं. ९८. दोन अंश कमी! मीटरला दोन शिव्या घालून झाल्यावर लक्षात आलं, की नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे आणि इथं पाणी ९८ लाच उकळतं. शंभर हा आकडा मुंबईकरांनी वापरावा.

ओव्हन २२० ला लावला, अर्धा तास जाऊ दिला, मग दर मिनिटाला आकडा टिपला. कमीत कमी १८३, जास्तीत जास्त २०९, सरासरी १९७. वरखाली होणं ठीक आहे, कॉइल चालू-बंद होते तसं ते होणारच. सरासरी मात्र २३ नं खाली.

२ जुलै

प्लग काढला. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग हातात आला पाहिजे. वरचा पत्रा उघडला की बोर्ड समोरच दिसतो, म्हणून सेन्सरची पिन तिथंच उपटून मीटर लावला. रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ११८७ ओहम. स्वयंपाकघरात २६ अंश होते.

आमच्या ओव्हनमध्ये पीटी १००० आहे. प्लॅटिनमचा सेन्सर, शून्य अंशाला बरोबर १००० ओहम, आणि पुढं दर अंशाला साधारण चार ओहम चढ (नेमकं सांगायचं तर सुरुवातीला ३.९, दोनशेच्या आसपास ३.७). २६ अंशांना ११०१ यायला हवे होते. ११८७ म्हणजे ४८ अंश. गार ओव्हन बोर्डाला ४८ वाटतोय!

झालं, सेन्सर गेला, असा निकाल मी तिथल्या तिथं दिला. यातली चूक माझ्या लक्षात यायला चार दिवस लागले. तुमच्या कदाचित आत्ताच आली असेल.

५ जुलै

अंबड एमआयडीसीच्या बाजूला हीटर-थर्मोकपलवाल्यांची दुकानं आहेत. एका दुकानात विचारलं, "भाऊ, ओव्हनचा सेन्सर आहे का, पीटी हजार?"

"पीटी शंभर घेऊन जा दादा, सगळ्या कंपन्यांमध्ये तोच चालतो. थ्री वायर आहे."

मीही घेऊन आलो. मोजलासुद्धा नाही. जुन्याच्या जागी दोन वायरी जोडल्या, तिसरी टेप लावून सोडून दिली आणि ओव्हन लावला. पडद्यावर लगेच एरर. मोजल्यावर ११० ओहम, कारण पीटी शंभर शून्य अंशाला शंभरच ओहमचा. पीटी हजारच्या हिशोबानं हे तापमान उणे दोनशेच्या आसपास येतं. म्हणजे मी ओव्हन द्रव नायट्रोजनात बुडवलाय असं बोर्डाला वाटलं, आणि त्यानं काम करायला नकार दिला. शहाणा बोर्ड.

६ जुलै

रात्री ती टेप लावलेली तिसरी वायर डोक्यात घोळत राहिली. ती असते कशाला? पीटी शंभरमध्ये ०.३८५ ओहमलाच एक अंश होतो. कारखान्यात सेन्सर भट्टीत आणि कंट्रोलर वीस फुटांवर, तेव्हा तांब्याच्या वायरीचा स्वतःचा रोधही दोन-चार अंशांची भर घालतो. म्हणून एका टोकाला दोन वायरी देतात. त्या दोघींचा रोध मीटर वेगळा मोजतो आणि एकूणातून वजा करतो. पीटी हजारमध्ये हीच चूक दहापट कमी भासते, त्यामुळं घरगुती ओव्हन दोन वायरींवर भागवतो.

आणि मी काय मोजलं होतं? बोर्डापाशी मोजलं होतं. म्हणजे सेन्सर, वायर आणि मधला जोड, तिघांची बेरीज. दोष मात्र एकट्या सेन्सरच्या गळ्यात.

सकाळी ओव्हन भिंतीपासून ओढला, मागचा पत्रा काढला आणि सेन्सर सुटा करून थेट त्याच्याच पायांवर मोजला. ११०१. नेमका. फ्रिजमधला बर्फ कुटून थोड्या पाण्यात घातला आणि सेन्सरच्या नळीचं फक्त टोक बुडवलं: १००१. उकळत्या पाण्यात १३७७, आणि ९८ अंशांना तक्त्यात हाच आकडा आहे. नळी आणि वायर यांच्यामध्ये मीटर काहीच दाखवत नव्हता, म्हणजे आत ओलही नाही. (ओल असती तर रोध कमी दिसला असता आणि ओव्हन उलट जास्त तापला असता.) बिचारा सेन्सर पूर्ण निर्दोष.

मग मीटर परत बोर्डाच्या बाजूला लावला, सेन्सर जोडला आणि वायर बोटांनी हळूहळू हलवत गेलो. बोर्डाकडून निम्म्या वाटेपर्यंत आकडा ढिम्म. मागच्या पत्र्याजवळच्या जोडाला हात लागला आणि ११५०, १२९०, ११७०, असा नुसता नाचायला लागला.

कनेक्टर सोडवायला गेलो, तर त्याचं प्लास्टिक जुन्या पापडासारखं हातात चुरा झालं. मूळ पांढरं असावं, आता चहाच्या रंगाचं. आतली एक थिंबल (वायरीच्या टोकावर दाबलेली धातूची टोपी) चकचकीत, दुसरी काळी-निळी पडलेली. तिच्या घडीत हिरवट पांढरी भुकटी, आणि वायरीच्या सात-आठ तारांपैकी तीनच धरलेल्या. तेवढ्या जागेत ८६ ओहम बसले होते.

आता गुन्हेगार. गेलं वर्षभर पावाला छान पापुद्रा यावा म्हणून मी खाली उकळत्या पाण्याचा ट्रे ठेवतोय. सेन्सर ज्या भोकातून आत येतो त्याच भोकातून वाफ मागं जाते, आणि हा जोड त्या भोकापासून चार बोटांवर. कंपनीला काही म्हणायची सोय नाही.

(तुमच्या ओव्हनमध्ये पीटीऐवजी एनटीसी थर्मिस्टर जातीचा सेन्सर असेल तर हा हिशोब उलटा. तो तापला की रोध उतरतो. गार असताना एक लाख ओहमच्या थर्मिस्टरमध्ये ८६ ओहम दिसणारही नाहीत, पण दोनशे अंशांना तो शेकड्यांत येतो आणि मग हेच ८६ ओव्हनला "अजून गार आहे" म्हणून फसवतात. तेव्हा बिस्किटं करपायला लागली तरी जोड तपासा.)

९ जुलै

दुरुस्ती तासाभराची. एका मित्रानं डाग द्यायला सांगितलं होतं, तो मोह टाळला. साधं सोल्डर १८३ ते १९० च्या दरम्यान वितळतं, आणि ही जागा ओव्हनच्या पाठीला लागून. खराब वायर चांगला तांब्याचा रंग दिसेपर्यंत कापली, ग्लासफायबरच्या स्लीव्हची वायर जोडली, नव्या थिंबल पक्क्या दाबल्या आणि चिनीमातीचा टर्मिनल ब्लॉक वापरला. जोड वीतभर वर सरकवला. सेन्सरच्या चकतीखाली ग्लासवूलची पट्टी दिली, वाफेला वाट नको. बोर्डापाशी आता ११०२. वायर हलवा, ओढा, आकडा ढिम्म.

२२० ला चाळीस मिनिटं: २०९ ते २३२, सरासरी २२०. साखर १८० ला कोरडी, १९० ला पाक. डावा मागचा कोपरा अजूनही दहाएक अंश जास्त गरम आहे, पण ते पंख्याचं प्रकरण, नंतर बघू. पीटी शंभर ड्रॉवरमध्ये आहे. मॅक्स ३१८६५ चं (असे सेन्सर वाचणाऱ्या चिपचं) बोर्ड मिळालं की तो नोंदी घ्यायला लावेन, तेव्हा तिसऱ्या वायरीलाही काम मिळेल.

१० जुलै

उत्साहात नानकटाई लावली. वहीत लिहिल्याप्रमाणे १९० ला, अठरा मिनिटं. तेराव्या मिनिटाला शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "काय जळतंय रे?"

अख्खा ट्रे कोळसा. ओव्हन पहिल्यांदा खरं बोलत होता आणि मी खोटा आकडा लावला होता.

वही मागं चाळत गेलो. जानेवारीत नानकटाई १६५. मार्चमध्ये १७०, पुढं कंसात "फिकी, वाढवावं". एप्रिलमध्ये १८०. जूनमध्ये १९०. तूप तेच, मैदा तोच, पिठीसाखरही तीच वाटी. पावाचंही तसंच, २०० चे २१०, मग २२०. आता पेन्सिलीनं जानेवारीनंतरचा प्रत्येक आकडा खोडत बसलोय.