आलात की आल्या असाव्यात?

शेजारच्या आजीबाई दारात उभ्या होत्या. हातात कागदाची पुडी, पुडीत भाजलेले गरम चेस्टनट. ऑक्टोबर उजाडला की आमच्या क्रुआ-रूसच्या टेकडीवर जत्रा भरते, पाळणे येतात आणि चेस्टनट भाजल्याचा वास जिन्यापर्यंत पोचतो. फ्रान्समधल्या या लियाँत येऊन मला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. नुसतं 'या, बसा' म्हणायचं जिवावर आलं, म्हणून मोठ्या ऐटीत म्हटलं, "तुम्ही आलात, फार बरं वाटलं." मराठीतून सरळ उचललेलं वाक्य : 'व्हुझेत व्हन्यू'. आजीबाई हसल्या, पुडी माझ्या हातात दिली आणि पायपुसण्यावर पाय पुसता पुसता हळूच म्हणाल्या, "स्वाये व्हन्यू."

चूक दाखवायची असेल तर अशी दाखवावी. आधी खाऊ, मग व्याकरण.

हा 'स्वाये व्हन्यू' म्हणजे सबजाँक्तिफ पासे. सबजाँक्तिफ म्हणजे इच्छा, शंका, आनंद-दुःख अशा भावनांमागून येणारं क्रियापदाचं रूप; पासे म्हणजे त्याचा भूतकाळ. त्याचा मराठीत अक्षरशः अर्थ लावायला गेलं, तर निघतं 'आल्या असाव्यात'. म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच पायपुसण्यावर उभ्या असलेल्या बाईला मी म्हणायचं, "तुम्ही आल्या असाव्यात, याचा मला आनंद आहे!" आमच्या आजीनं ऐकलं असतं तर म्हणाली असती, अगं, दिसतेय ना समोर, असाव्यात कशाला?

रूपं चालवणं तसं सोपं आहे, म्हणजे कानाला सोपं. 'आव्ह्वार' (जवळ असणं) या मदतनीस क्रियापदाची सबजाँक्तिफमधली सहा रूपं : ए, ए, ए, एयों, एये, ए. सहातली चार कानाला एकच. वहीत मात्र त्या चौघांची शेपटं चार तऱ्हेची, आणि संध्याकाळच्या वर्गातल्या आमच्या बाईंची लाल पेन्सिल बरोबर शेपटावरच पडते. ही रूपं घ्यायची, पुढे भूतकाळचं कृदंत जोडायचं, की झालं. जाणं, येणं, जन्मणं, मरणं अशा मोजक्या क्रियापदांना 'आव्ह्वार'ऐवजी 'एत्र' (असणं) लागतं, त्याचंच रूप ते 'स्वाये', आणि मग येणारी बाई की बुवा ते पाहून कृदंत बदलतं.

इथे मात्र मी वर्गात भाव खाल्ला. आपल्याला यात नवं काय? तो आला, ती आली. आणि 'त्यानं आंबा खाल्ला, चिंच खाल्ली' या कर्मणी प्रयोगावर तर आपण लहानाचे मोठे झालो. फ्रेंचमध्येही कर्म क्रियापदाच्या आधी आलं की कृदंत कर्माप्रमाणे चालतं : पत्र फ्रेंचांच्या लेखी स्त्रीलिंगी, म्हणून 'मी लिहिलेलं पत्र' म्हणताना 'एक्री'चं 'एक्रीत' होतं. शेजारच्या बाकावरच्या स्पॅनिश मुलीला हे काही केल्या पटेना. तिच्या भाषेत असल्या ठिकाणी कृदंत जागचं हलत नाही. मी तिला चिंच-आंबा समजावून सांगितला. फ्रेंचमधून.

तिनं नंतर त्याचं उट्टं काढलं. सबजाँक्तिफ कुठे वापरायचा, हे तिला आपोआप कळतं. मला यादी पाठ करावी लागते. आणि यादीही अशी तिरपागडी, की जी गोष्ट घडून गेली, जिच्याबद्दल मी हळहळतेय, तिला सबजाँक्तिफ. आणि जी अजून घडायचीच आहे, जिची मी नुसती आशा धरून बसलेय, तिला साधा, खणखणीत निश्चयार्थ, म्हणजे सरळ विधानाचं रूप. मी म्हणते, उलटं नको का? (स्पॅनिशमध्ये आशेलाही सबजाँक्तिफच लागतो, हे सांगताना ती जरा जास्तच खूश दिसली.) बरेच दिवस डोकं खाजवल्यावर मी आपली एक समजूत करून घेतली. आजीबाई आल्या, ही बातमी नाहीच. त्या आल्यात हे त्यांना माहीत, मला माहीत, चेस्टनटना माहीत. बातमी आहे ती माझ्या आनंदाची. येणं मागे सरकून आनंदाला पुढे जागा देतं, आणि मागे सरकताना रूप बदलतं. आपण मराठीत 'बरं झालं आलात' म्हणतो तेव्हा दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी, एकाच पाटावर बसतात. मला अजून आपलंच जवळचं वाटतं.

तरी या पासेबद्दल मला थोडी माया आहे. चार सबजाँक्तिफांपैकी बोलण्यात टिकून राहिलेल्या दोघांतला तो एक. बाकीचे दोघे पुस्तकांत राहायला गेले. त्यांतल्या एकाचं 'असासिनासिये' असं रूप होतं. ते मोठ्यानं म्हणून पाहा, म्हणजे लोकांनी ते का सोडलं ते कळेल. 28 डिसेंबर 1976च्या सरकारी आदेशानं तर परीक्षकांना सांगूनच टाकलं, की जुन्या नियमानं 'प्लुस्कपार्फे' (पुस्तकांत गेलेल्यांपैकी दुसरा) हवा असेल तिथे मुलांनी पासे लिहिला तर चूक धरू नका. थोरल्याचं काम धाकट्याच्या गळ्यात पडलं, तेही शिक्क्यानिशी.

परवा आजीबाई पुन्हा आल्या. दार उघडता उघडता मी वाक्य मनात जुळवलं आणि न अडखळता म्हटलं : 'क व्हू स्वाये व्हन्यू'. त्यांनी भुवया उंचावून दाद दिली, खुर्चीत बसल्या आणि आपली हकिकत सांगायला लागल्या. "आप्रे क झ स्वा राँत्रे..." म्हणजे, मी घरी परतल्यानंतर.

'आप्रे क'नंतर नियमानं सबजाँक्तिफ चालत नाही. घडून गेलेली गोष्ट, साधा निश्चयार्थ हवा. अर्धं फ्रान्स ही चूक करतं, असं आमच्या बाई म्हणतात. माझी जीभ अगदी ओठांपर्यंत आली होती.

मी एक चेस्टनट सोलला आणि तोंडात टाकला.