एका शब्दापायी चार महिने

लघुप्रबंधाच्या विषयाचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला तेव्हा कडेला पेन्सिलीने तीनच शब्द लिहिले होते: 'विषय फार लहान.' समिती बसते महिन्यातून एकदा. म्हणजे आणखी एक महिना गेला.

विषय एका शब्दाचाच होता, कबूल. बायबलच्या नव्या करारात मार्कने लिहिलेलं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, आहे; त्यातलं मार्क १:४१, म्हणजे पहिल्या अध्यायातली एकेचाळिसावी ओवी. कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो आणि येशूला त्याचा 'कळवळा' येतो. जवळजवळ सगळी हस्तलिखितं हेच सांगतात, चौथ्या शतकातली सिनाई आणि व्हॅटिकन प्रतसुद्धा. पण बेझा कोडेक्स या जुन्या हस्तलिखितात तिथे आहे 'ऑर्गिस्थेइस', म्हणजे राग आला! केंब्रिजने ते हस्तलिखित ऑनलाइन ठेवलंय, स्वतः उघडून बघा. डाव्या पानावर ग्रीक, उजव्या पानावर लॅटिन, आणि लॅटिनमध्येही 'इरातुस', रागावलेला.

आता नक्कल करणारा कळवळ्याचा राग कशाला करेल? रागाचा कळवळा करायचा मोह मात्र कुणालाही होईल. शिवाय मत्तय आणि लूक या दुसऱ्या दोन शुभवर्तमानकारांनी मार्क समोर ठेवून लिहिलं असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि हाच प्रसंग सांगताना ते ती भावनाच गाळतात. समोरच्या मार्कात कळवळा असता, तर दोघांनीही तो का सोडला असता?

हे सगळं मी पहिल्या अर्जात उत्साहाने लिहिलं. शेरा आला: 'पवित्र शास्त्रात चुका काढण्याचा हेतू दिसतो.' दोन दिवस जेवण गेलं नाही. दुसऱ्यांदा काय, तर 'उद्दिष्टे' या रकान्यात ओळी कमी!

चौथ्यांदा मी शीर्षकातून 'पाठभेद' (हस्तलिखितांमधला शब्दांचा फरक) हा शब्दच काढला. 'मार्ककृत शुभवर्तमानातील येशूच्या भावना' असं भारदस्त नाव दिलं आणि ३:५ मधला राग, १०:१४ मधली नाराजी जोडली. आतला मजकूर तोच. मंजूर! तेव्हा शीर्षक समितीसाठी लिहा, पहिलं प्रकरण स्वतःसाठी.

हो, एक राहिलं. अर्ज अडकला म्हणून हात बांधून बसू नका. कुठल्या हस्तलिखितात कोणता शब्द आहे हे सांगणाऱ्या, ग्रीक नव्या कराराच्या तळटीपांतल्या खुणा मी त्याच चार महिन्यांत शिकले, नाहीतर पुढे रडले असते. लिखाण मग दीड महिन्यात उरकलं.

तोंडी परीक्षा पाऊण तासाची. त्यातला अर्धा तास सर एकच विचारत राहिले, "पण मग राग नेमका कुणावर? रोग्यावर, की रोगावर?" विषय फार लहान होता ना!