रेझरचा जन्मदाखला

गोव्यात जुन्या वस्तूंचे भाव दोनच, एक साधा आणि दुसरा पोर्तुगीज काळातला. खुर्ची असो, कंदील असो, कान तुटलेला चिनी मातीचा कप असो, विकणारा हळूच म्हणतो "हें पुर्तुगेज काळांतलें, बाब" आणि किंमत दुप्पट होते. बरं खुर्चीला कोण विचारणार, तुझा जन्म कधीचा गं बाई? त्यामुळे हे सगळं खपून जातं. पण मला नाद आहे जुन्या सेफ्टी रेझरचा, आणि रेझरच्या बाबतीत हे असं चालत नाही, कारण त्यातले बरेचसे आपला जन्मदाखला अंगावर घेऊनच फिरतात.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चवरीस, सुकी मासळी, मातीची भांडी हे सगळं ओलांडून गेलं की कोणीतरी एक जण ताडपत्री टाकून जुन्या चाव्या, कुलपं, घड्याळं मांडून बसलेला असतो. तिथे एकदा जिलेटचा ॲडजस्टेबल हाताला लागला. सडपातळ दांडा, मानेशी १ ते ९ आकड्यांची चकती (१ म्हणजे हळुवार, ९ म्हणजे गाल सांभाळा), खालचा नॉब फिरवला की डोक्यावरची दोन झाकणं देवळाच्या दरवाजासारखी उघडतात. विकणाऱ्याने अर्थातच पोर्तुगालचं नाव घेतलं. मी रेझर उलटा केला आणि डोक्याच्या खालची बाजू बोटाने पुसली. साबणाचा जुना थर निघाल्यावर बारीक अक्षर दिसलं, एच, आणि बाजूला ३.

आता हे गणित सोपं आहे. अमेरिकेत बनलेल्या रेझरवर जिलेटने १९५० च्या शेवटापासून असा कोड मारला, अक्षर म्हणजे वर्ष आणि आकडा म्हणजे तिमाही. १९५१ ला डब्ल्यू, तिथून झेडपर्यंत गेले की १९५५ ला परत ए. असं मोजत आलं की एच म्हणजे १९६२ आणि ३ म्हणजे जुलै ते सप्टेंबर. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. म्हणजे साहेब सहासात महिने तरी उशिरा जन्मले! इकडे अर्धा गोवा पासपोर्टसाठी आजोबांची जन्मनोंद शोधत फिरतो, पण या रेझरला काही पोर्तुगीज पासपोर्ट मिळायचा नाही. मी हे विकणाऱ्याला सांगितलं, तो हसला, भाव मात्र एक रुपया उतरवला नाही. घेतला मी, न घेऊन सांगतो कोणाला.

ज्यांच्यावर कोड नाही तिथे खरी मजा. इंग्लंडमधे बनलेल्यांना हे अमेरिकन कोष्टक लागू पडत नाही, आणि १९५० च्या आधीच्या कितीतरी मॉडेलवर तारखेचं नावच नसतं, मग अंगलट बघायची. टेक नावाचं मॉडेल १९३८ च्या सुमाराला आलं, तीन तुकड्यांचं, एकदम साधं. त्याच्या खालच्या पट्टीला त्रिकोणी खाचा असतील तर तो अमेरिकन टेक महायुद्धाच्या आसपासचा किंवा त्याआधीचा धरतात, नंतर त्या खाचा लांबट झाल्या. पण माझी पहिली परीक्षा हातात वजन घेऊन बघायची. जुने चांगले रेझर पितळेचे, वर निकेलचा नाहीतर सोन्याचा पातळ मुलामा. आपल्याकडच्या दमट खाऱ्या हवेत मुलामा उडाला तर पितळ कळकतं, हिरवं होतं, पण ते निघतं. नंतरच्या स्वस्त जस्ताच्या ओतीव डोक्यांचं तसं नाही, त्यांना आतून फोड येतात, वरचं क्रोम पापुद्र्यासारखं सुटतं, आणि मग त्याचं काहीही करता येत नाही. असला कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि एक गोष्ट मला नेहमी खटकते. एमबीए झालेला कोणीही भेटला की सांगतो, जिलेटने रेझर जवळजवळ फुकट वाटले आणि ब्लेडवर कमावलं. सुरुवातीला तसं काही नव्हतंच हो. १९०३ मधे, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्यांचे रेझर खपले ५१ आणि ब्लेड १६८. पेटंट मिळालं १९०४ ला. सेटची किंमत ५ डॉलर, म्हणजे त्या काळच्या तिथल्या कामगाराला चांगलीच जड. १९२१ ला पेटंट संपलं, बाकीच्यांना तसलेच रेझर बनवायची मोकळीक झाली, तेव्हा कुठे त्यांनी जुना नमुना १ डॉलरला काढला. म्हणजे ब्लेडवर कमवायची ती हुशारी नंतरची, आधी रेझर ही मिरवायची वस्तू होती, मखमलीच्या डबीतून यायची. म्हणून तर ती टिकली. आणि कमाल बघा, तेव्हाच्या ब्लेडला तीन गोल भोकं असायची, आताच्याला मधे लांब खाच, तरी गाड्यावर मिळणारं आजचं साधं डबल एज ब्लेड शंभर वर्षांपूर्वीच्या त्या रेझरच्या तीन खुंट्यांवर बरोब्बर बसतं. माझ्या मोबाईलचा चार्जर मागच्या मोबाईलला बसत नाही.

घरी या सगळ्याचं कौतुक शून्य. "एका तोंडाला किती रेझर लागतात?" हा बायकोचा प्रश्न, आणि त्यावर माझ्याकडे खरंच उत्तर नाही. तिला त्यातलं ब्लेड तेवढं हवं असतं, शिवण उसवायला.

शेजारच्या अंकलना मात्र कळतं. त्यांचे पप्पा तारवटी, आयुष्य बोटीवर गेलं. अंकलनी परवा कपाटातून पप्पांचा रेझर काढून दिला, "भंगार आहे रे, बघ तुला काय उपयोग झाला तर" असं म्हणत. जिलेटचंच सुपर स्पीड नावाचं मॉडेल, कोड झेड २. म्हणजे १९५४, एप्रिल ते जून. खराखुरा पोर्तुगीज काळातला, आणि मालक त्याला भंगार म्हणतोय! मी त्यांना तारीख सांगितली तर ते थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसले, मग म्हणाले पप्पा तेव्हा मोंबासाच्या लाईनवर होते. झालं, रेझर परत कपाटात. मीही आग्रह केला नाही.

फक्त एवढं सांगून आलो की चिंच, सोलं, पितळेची पावडर यातलं काही लावू नका, मुलामा जातो, कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश पुरे. अंकल म्हणाले, उद्या त्यानेच दाढी करून बघतो, ब्लेड आहे का तुझ्याकडे एखादं? दिलं एक पाकीट.