चढत्या पाण्यातली वीण

नाशिक, श्रावण

गंगापूर आणि दारणा धरणांतून विसर्ग वाढला की खालच्या अंगाच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातल्या पाण्याकडे लक्ष लागतं. कमळपक्ष्यांची वीण ऐन भरात असते. मादी तरंगत्या पानांवर चार अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. सुमारे २६ दिवस अंडी उबवणं आणि नंतर पिलं सांभाळणं, सगळं नराच्या अंगावर. घरटं बुडू लागलं तर हा नर अंडी चोच आणि छातीच्या मध्ये धरून किंवा ढकलत शेजारच्या पानांवर हलवतो. पाणी सावकाश चढलं तरच हे साधतं. लोंढा आला की अंडी गेली. म्हणून विसर्ग टप्प्याटप्प्यानं वाढणं पक्ष्यांसाठीही मोलाचं.

याच दिवसांत पूर्व ऑस्ट्रेलियात हिवाळा सरतो आणि प्लॅटिपस, म्हणजे बदकासारख्या चोचीचे, नदीत राहणारे आणि अंडी घालणारे सस्तन प्राणी, जुगू लागतात. क्वीन्सलँडात आधी, टास्मानियात सगळ्यांत उशिरा. नराच्या मागच्या पायाच्या घोट्याला विषारी काटा असतो आणि त्याची विषग्रंथी नेमकी याच हंगामात फुगते. रोख मुख्यतः दुसऱ्या नरांवर असावा, असं त्यावरून वाटतं. नर पाण्यात मादीची शेपटी चोचीत धरतो, दोघं गोल गोल पोहत राहतात. पुढे पिलांसाठी तो काहीच करत नाही.

मादीचा फक्त डावा अंडाशय काम करतो. साधारण तीन आठवडे अंडी पोटात वाढतात, तोवर ती काठात लांब बीळ खणते आणि ओला पाला शेपटीखाली दुमडून आत नेते. हा ओलावा नसेल तर अंडी सुकतील. अंडी बहुधा दोन, जेमतेम दीड सेंटिमीटरची, चिवट कवचाची. शेपटी पोटावर दुमडून ती सुमारे दहा दिवस त्यांना ऊब देते. बिळाच्या वाटेत मातीचे बांध घालते. प्लॅटिपस अंडी घालतो हे ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ विल्यम कॉल्डवेल यांनी १८८४ मध्ये दाखवलं, तेव्हा कुठे सस्तन प्राणी अंडी घालेल का, हा युरोपातला जुना वाद मिटला.

पिलू आंधळं, बिनकेसाचं. आईला स्तनाग्रं नाहीत. पोटाच्या कातडीतून दूध पाझरतं, ते पिलं तीन-चार महिने पितात. कमळपक्ष्याचं पिलू अंड्यातून निघालं की लगेच पानांवर धावू लागतं. प्लॅटिपसचं मात्र बिळातच अडकलेलं असतं. तेवढ्यात नदीला मोठा पूर आला आणि पाणी बांध ओलांडून आत शिरलं, तर ते बुडतं.