पडून असलेली मशीन
आज चिपळूणला आत्याकडे होते. साडीला फॉल लावायचा म्हणून तिने बाजारातल्या एका ताईंकडे पाठवलं. दीड माणूस मावेल एवढं दुकान. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक मातकट रेघ, मुद्दाम रंग न दिलेली. "२२ जुलै २०२१," ताई सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या.

वाशिष्ठीच्या पुरात त्यांच्या दोन्ही मशीन गेल्या. त्याहून जिव्हारी लागलं ते गिऱ्हाइकांच्या कपड्यांचं. लग्नाचे ब्लाउज चिखलात, लोकांना तोंड कसं दाखवायचं? शिवणकाम सोडून धुणीभांडी धरायची, असं ठरलंही होतं.

पंधरा दिवसांनी वरच्या आळीतल्या एक निवृत्त शिक्षिका रिक्षातून आपली पायमशीन घेऊन दारात हजर. "मला आता नीट दिसत नाही गं. घरात नुसती पडून आहे, घेऊन टाक."

मशीनला तेल घातलेलं, पट्टा नवा. बॉबिनवर निळा दोरा, आणि खणात त्याच रंगाच्या ब्लाउजची एक बाही, अर्धी शिवलेली. "पडून असलेली मशीन अशी असते होय?" ताई हसत होत्या, पण डोळे पदराला लावले.

आता दुकानात तीन मशीन आहेत, हाताखाली एक मुलगी आहे. (माझा फॉल मात्र झालेला नाही. उद्या या म्हणाल्या.)

मशीन मिळाल्यावर ताईंनी पहिल्यांदा तो निळा ब्लाउज पुरा केला आणि बाईंना नेऊन दिला. बाईंनी घालून बघितला. म्हणाल्या, "काखेत जरा घट्ट झालाय."