नागपूरहून बिश्केकला एमबीबीएससाठी : थंडीचं सोडा, भाषेचं बघा

नागपूर ते दिल्ली रेल्वेने रात्रभर, दिल्ली ते बिश्केक विमानाने तीन-साडेतीन तास. घड्याळ अर्धाच तास पुढे करायचं. बिश्केक ही किर्गिझस्तानची राजधानी, मी तिथेच शिकतो. सुट्टीत नागपूरला आलो तेव्हा तिकडे निघालेली बरीच पोरं घरी येऊन भेटली. सगळ्यांनी थंडीचं विचारलं, रशियन भाषेचं एकानेही नाही.

थंडीचं लवकर आटोपतो. जानेवारीत रात्री पारा उणे दहाच्या खाली उतरतो. पण नोव्हेंबरपासून हॉस्टेलच्या खिडकीखालचे रेडिएटर तापतात आणि खोलीत आपण टी-शर्टवर असतो. तेव्हा तिबेटी बाजारातून स्वेटरांचा ढीग नेऊ नका. जाड जॅकेट आणि न घसरणारे बूट तिथल्या दोर्दोय बाजारात घ्या. हा बाजार कंटेनरांमध्ये भरतो, अर्धा दिवस काढून ठेवा. बुटांवर कंजूषी नको. फुटपाथवरचा बर्फ दबून काचेसारखा होतो, शिवाय रस्त्याकडेने झाडांना पाणी देणारे उघडे पाट असतात, त्यांना अरिक म्हणतात. अंधारात त्यात पाय गेला की पहिला एक्स-रे स्वतःचाच बघायला मिळतो. हिवाळ्यात खरा त्रास धुराचा. घरोघरी कोळसा जळतो. कोराडी-खापरखेड्याच्या पोरांना नवल वाटणार नाही, पण दमा असेल तर इनहेलर आणि एन-९५ मास्क बॅगेत हवेतच.

खाण्याचे हाल होत नाहीत. ओश बाजारात मसूर, चणे, बटाटे, कांदे, सुका मेवा सगळं मिळतं. मैदा जागोजागी, कणीक मात्र शोधावी लागते. कुकर, जादा गॅस्केट आणि सावजी मसाला इथूनच न्या. शाकाहारी असाल तर ‘बेझ म्यासा’, म्हणजे मांस नको, एवढं पाठ करा. तरी सूप मटणाच्या पाण्यातलं असू शकतं. आणि शेपू! सूपवर शेपू, बटाट्यावर शेपू, सॅलडमध्ये शेपू. घरी ताटावरून उठणाऱ्यांनी मन घट्ट करून यावं.

डॉलरच्या नोटा कोऱ्या घ्या, मळक्या-फाटक्यांना भाव कमी देतात.

आता भाषा. वर्गात इंग्रजी चालतं, वॉर्डात नाही; तिथे रशियन नाहीतर किर्गिझ. आमच्या पोस्टिंगला पोट दुखतं म्हणून एक आजी आल्या होत्या. ‘ग्दे बलीत’, कुठे दुखतं, एवढं मला विचारता आलं. त्या अर्धं रशियन, अर्धं किर्गिझ असं बराच वेळ बोलल्या. शब्द निसटत होते, पण त्यांचा हात उजव्या बरगडीखालून उजव्या खांद्याकडे गेला आणि पित्ताशय असणार हे कळलं. मग मॅडमनी विचारलं, तेलकट खाल्ल्यावर दुखतं का, कधीपासून? ते आजींना विचारायला माझ्याकडे वाक्यच नव्हतं. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मित्राला भंडाऱ्याची म्हातारी झाडीबोलीत काय सांगते ते आपसूक कळतं. आपल्याला ते कमवावं लागतं, राजेहो.

म्हणून निघण्याआधी नागपुरातच रशियन लिपी शिकून घ्या, पंधरवड्यात जमते. औषधांच्या चिठ्ठ्या, बसच्या पाट्या, दुकानं, सगळं तिच्यात. पहिल्या वर्षीचा रशियनचा तास पोरं झोपेसाठी वापरतात. तसं करू नका. वयाने मोठ्या बाईला ‘एजे’, पुरुषाला ‘बायके’ म्हणा. नर्सचा चेहरा तिथेच मवाळ होतो. तास बुडवला तर ‘ओत्राबोत्का’, म्हणजे तोच विषय शिक्षकांना गाठून परत देणं. शिक्षक हाती लागेपर्यंत पुढचा तास बुडतो.

फी भरण्याआधी एक काम. भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम आणि तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप लागते. दोन्ही गोष्टी कॉलेजकडून लेखी घ्या. आमच्या एजंटने इंटर्नशिपचा विषयही काढला नव्हता. परतल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची भारतातली पात्रता परीक्षा आहे, ३०० पैकी १५० गुण हवेत.

मे २०२४ मध्ये बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर जमावाने हल्ले केले होते. आई-बाबा हे विचारणारच, लपवू नका. रात्री उशिरा घोळक्याने हिंडायचं नाही. नोंदणीसाठी पासपोर्ट कॉलेजकडे जमा असेल तेव्हा पासपोर्ट-व्हिसाची रंगीत झेरॉक्स खिशात ठेवायची, आणि भारतीय दूतावासाचा नंबर फोनमध्ये तर हवाच, कागदावरही लिहून ठेवायचा. कडाक्याच्या थंडीत फोनची बॅटरी बसते.